आधी त्यांचे जगणे पाहावे
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

युरोपातील ज्यू इतिहासाची संग्रहालये आणि स्मृतिस्थळे मार्गदर्शकासोबत कशी पाहावीत, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी आणि माझी धाकटी बहीण असे तिघे बारा दिवसांसाठी बर्लिन, वॉर्सा, क्राकोव आणि प्राग या शहरांना जाणार आहोत. सहल कंपनीच्या कार्यक्रमात ज्यूंच्या इतिहासाशी संबंधित एकच ठिकाण आहे, ते म्हणजे ऑशविट्झची नाझी छावणी, आणि तीही अर्ध्या दिवसात. हा इतिहास आम्हाला नीट समजून घ्यायचा आहे. कोणती ठिकाणे घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : आपल्या कार्यक्रमात ऑशविट्झ आहे हे योग्यच आहे, अडचण आहे ती ते एकटे असण्याची. काहीही आधी न पाहता जो थेट तिथे जातो, त्याला ज्यू समाज भेटतो तो फक्त मरताना. ही माणसे कोण होती, घरात कोणती भाषा बोलत होती, कोणते व्यवसाय करत होती, कोणती वर्तमानपत्रे काढत होती आणि आपापसांत कशावरून वाद घालत होती, यांतले काहीच ठाऊक नसले तर मेलेल्यांचा आकडा कितीही मोठा असो, तो आकडाच राहतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की त्यांचे जगणे दाखवणारी ठिकाणे आधी पाहावीत आणि छावणी नंतर. लहान गटांबरोबर मी हा प्रवास दोन्ही क्रमांनी केला आहे. ज्या खेपेस छावणी आधी झाली, त्या खेपेस पुढच्या संग्रहालयात आमच्यापैकी एकाचेही लक्ष लागले नाही. सगळ्यांची मने मागेच राहिली होती.

आपली शहरे बर्लिन, वॉर्सा, क्राकोव, प्राग या क्रमाने घेतली तर हे सहज जुळते. बर्लिनविषयी पुढे वेगळा प्रश्न आहे, म्हणून इथे वॉर्सापासून सुरुवात करतो. तेथील पोलिन संग्रहालयाला पूर्ण दिवस द्यावा. पश्चिमेकडील छळातून निसटून आलेल्या ज्यूंना या भूमीवर 'पो लिन', म्हणजे हिब्रू भाषेत 'इथे विसावा घ्या', असे शब्द ऐकू आले, अशी एक जुनी आख्यायिका आहे आणि संग्रहालयाचे नाव तिच्यावरूनच पडले आहे. मुख्य प्रदर्शन २०१४ साली खुले झाले. आठ दालनांत पोलंडमधील ज्यूंचा सुमारे एक हजार वर्षांचा इतिहास मांडला आहे आणि नाझींनी केलेल्या संहाराचे दालन हे त्या आठांपैकी एक आहे. हे प्रमाण मला फार महत्त्वाचे वाटते. एका दालनात ग्वोझ्जेत्स या गावातील लाकडी सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाचे, छत पुन्हा उभारले आहे. मूळ सिनेगॉग नष्ट झाले. हे छत जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी, हाताने लाकूड तासून आणि रंगवून तयार केले. त्याच्याखाली उभे राहून मान वर केली की निळ्या-तांबड्या रंगांत राशिचक्र, पशुपक्षी आणि वेलबुट्टी दिसू लागते. आपल्या गटाला तिथे किमान पंधरा मिनिटे थांबू द्यावे, अशी विनंती मार्गदर्शकाला आधीच करून ठेवावी, कारण बहुतेक गट त्या छताखालून चालता चालता निघून जातात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख मारले गेले, हे ते छत पाहिल्यानंतर ऐकावे. संग्रहालयासमोरच वॉर्सा घेट्टोतील, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील, वीरांचे १९४८ साली उभारलेले स्मारक आहे. घेट्टोतील उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी सुरू झाला होता. याच स्मारकापुढे ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट यांनी गुडघे टेकले. संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेवढे कार्यक्रम आखताना ध्यानात ठेवावे.

क्राकोवमध्ये आधी काझिमिएश हा जुना ज्यू भाग पायी फिरावा आणि मग व्हिस्तुला नदी ओलांडून पोदगुझे या भागात जावे. नाझींनी मार्च १९४१ मध्ये घेट्टो वसवला तो नदीपलीकडे, पिढ्यान्‌पिढ्या ज्यू राहत आले त्या काझिमिएशमध्ये नव्हे, ही गोष्ट पूल चालत ओलांडल्याशिवाय नीट उमजत नाही. तिथल्या चौकात आता मोठ्या आकाराच्या रिकाम्या खुर्च्या अंतराअंतरावर मांडलेल्या आहेत. घेट्टो रिकामा केला गेला तेव्हा घरांतले सामान या चौकात पडून राहिले होते, त्याची ती आठवण आहे. चौकाच्या कडेला तादेउश पान्किएविच यांचे औषधाचे दुकान होते. ते स्वतः ज्यू नव्हते. घेट्टोच्या आत दुकान चालू ठेवून त्यांनी तिथल्या लोकांना मदत केली. ते दुकान आता छोटे संग्रहालय आहे.

ओश्वीन्चिम, म्हणजे ज्या गावी ऑशविट्झ छावणी होती ते गाव, क्राकोवपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तिथे मार्गदर्शकासोबतची नेहमीची फेरी साधारण साडेतीन तासांची असते, आणि येण्याजाण्याचा वेळ धरला तर अर्धा दिवस हे सहल कंपनीचे गणित बसतच नाही. बहुधा बिर्केनाऊ, म्हणजे ऑशविट्झचीच दुसरी, मोठी छावणी, वगळली जाईल किंवा घाईत उरकली जाईल. हे दोन्ही मान्य करू नये. सुमारे ११ लाख माणसे या छावण्यांत मारली गेली, त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते आणि त्यांतले बहुसंख्य बिर्केनाऊमध्ये मारले गेले. प्रवेश विनामूल्य आहे. शुल्क मार्गदर्शकाचे असते. प्रवेशिका मात्र नावानिशी आणि आगाऊ घ्यावी लागते आणि सोबत ओळखपत्र लागते. ती संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, कारण रस्त्यावर आणि इंटरनेटवर प्रवेशिका विकणारे अनेक मध्यस्थ आहेत. पिशवी अगदी लहान न्यावी. बिर्केनाऊमध्ये आडोसा जवळजवळ नाही, तेव्हा ऊन, पाऊस आणि वारा तिन्हींची तयारी ठेवावी आणि चालायचे बूट घालावेत.

ऑशविट्झमधील पेट्यांच्या दालनाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. संग्रहालयाच्या संग्रहात सुमारे ३,८०० पेट्या आहेत आणि त्यांपैकी सुमारे २,१०० पेट्यांवर मालकांची नावे आहेत. काचेमागच्या ढिगात पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलेली आडनावे, गावे, जन्मतारखा वाचता येतात. आपले सामान आपल्याला परत मिळणार आहे असे त्या माणसांना वाटत होते, म्हणून त्यांनी नावे इतक्या काळजीने घातली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी एक नाव हळू आवाजात वाचले आणि नंतर त्या पूर्ण फेरीत काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात काहीही ठेवू नये. राजवाडा नको, मिठाची खाण नको आणि खरेदी तर नकोच.

शेवटी प्रागला जावे. तिथे पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या आजच्या चेक देशातील प्रांतांमधल्या सुमारे ८०,००० बळींची नावे हाताने लिहिलेली आहेत. ती पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली गेली. नंतर इमारत अनेक वर्षे बंद राहिली, ओलीने अक्षरे खराब झाली आणि १९९० च्या दशकात सगळी नावे पुन्हा लिहावी लागली. गाव, मग लाल अक्षरांत आडनाव, मग त्या घरातल्या माणसांची नावे, अशी ती मांडणी आहे. एका लाल आडनावामागे काळ्या अक्षरांतली नावे मोजत गेले की कोणत्या घरातली किती माणसे गेली हे कळते. इथून बाहेर पडले की शेजारीच जुनी दफनभूमी लागते. तिच्यातील सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची आहे. त्या दफनभूमीतल्या माणसांना निदान आपापल्या नावाची शिळा मिळाली, आणि भिंतीवरच्यांना ती मिळाली नाही. हा फरक दोन्ही ठिकाणे लागोपाठ पाहिल्यावर जसा जाणवतो तसा एरवी जाणवत नाही.

प्रश्न : आम्हाला इंग्रजी उत्तम वाचता येते आणि मोबाइलवर ध्वनिमार्गदर्शनही मिळते. असे असताना माणूस मार्गदर्शक घेण्याची खरोखर गरज आहे का? आणि घ्यायचाच झाला तर तो कसा निवडावा?

उत्तर : सगळीकडे नाही, पण जिथे आहे तिथे फार आहे. जे ठिकाण फलकांनी, वस्तूंनी आणि चित्रफितींनी स्वतःच बोलते, तिथे ध्वनिमार्गदर्शन पुरते. ॲमस्टरडॅम येथील ॲन फ्रँक यांच्या घरात तर वाटा आणि जिने इतके अरुंद आहेत की आत गटासोबत मार्गदर्शक नसतोच. प्रत्येकजण कानाला ध्वनियंत्र लावून एकट्याने फिरतो आणि ते तिथे योग्यच आहे.

जिथे पाहण्यासारखे काही उरलेलेच नाही, तिथे मात्र माणूस हवा. वॉर्साच्या घेट्टोमध्ये चार लाखांहून अधिक माणसे कोंडलेली होती आणि उठावानंतर नाझींनी तो सगळा भाग जमीनदोस्त केला. आज तिथे साध्या निवासी इमारती, ट्रामचे रूळ आणि दुकाने आहेत. पदपथावर काही ठिकाणी भिंतीची जुनी रेषा दाखवणाऱ्या लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत, त्यांवरून लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन जात असतात. जाणकार मार्गदर्शक तुम्हाला अशा पट्टीवर उभे करतो, एक पाय भिंतीच्या आत आणि एक बाहेर ठेवायला सांगतो, आणि मग समोरच्या खिडकीतून त्या काळी काय दिसत असेल ते सांगू लागतो. ख्वोद्ना रस्त्यावर घेट्टोच्या दोन भागांना जोडणारा लाकडी पूल होता. खालचा रस्ता घेट्टोबाहेरच्या लोकांसाठी मोकळा असे आणि वरून ज्यू माणसे ये-जा करत. आज तिथे उंच धातूचे खांब आहेत आणि पुलाची जागा रात्री प्रकाशाने दाखवतात. सांगणारा नसेल तर ते दिव्याचे खांब वाटतात.

प्रागच्या दफनभूमीतही तसेच आहे. सुमारे १२,००० शिळा एकमेकींना टेकून, तिरप्या, अर्ध्या गाडलेल्या अवस्थेत उभ्या आहेत, कारण जागा अपुरी पडल्यावर जुन्या थडग्यांवर माती टाकून त्यावर नवे थर केले गेले आणि जुन्या शिळा वर आणून लावल्या गेल्या. शिळेवर आशीर्वादासाठी पसरलेले दोन हात कोरलेले असले तर ती व्यक्ती कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या कुळातली, आणि पाण्याची झारी असली तर लेवी कुळातली. सिंह, हरीण, पक्षी हे प्राणी पुष्कळदा आडनावांचे निदर्शक असतात. एवढे कळले की दगडांची ती गर्दी वाचता येऊ लागते.

काही ठिकाणी मार्गदर्शक सोबत असूनही त्याला थोडा वेळ बाजूला थांबायला सांगावे. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातला १७ क्रमांकाचा फलाट ही तशी जागा आहे. फलाटाच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत आणि प्रत्येकीवर ज्यूंना हद्दपार करणाऱ्या एका गाडीची नोंद आहे : तारीख, किती ज्यू, कुठून कुठे. हद्दपारीला १८ ऑक्टोबर १९४१ रोजी सुरुवात झाली. सुरुवातीच्या पट्ट्यांवर हजाराच्या आसपासचे आकडे आहेत, पुढे शंभर, पन्नास, आणि मार्च १९४५ च्या शेवटच्या पट्टीवर फक्त १८. युद्ध हरल्यात जमा होते, शहर कोसळत होते, आणि तरी कोणीतरी अठरा माणसांसाठी कागदपत्रे तयार करत होते. ही गोष्ट पट्टीवर वाकून आपण स्वतः वाचावी; दुसऱ्याने सांगितल्याने तिचे वजन कमी होते.

निवडीबाबत एवढेच सांगेन की शक्यतो त्या संस्थेने स्वतः प्रशिक्षण दिलेला मार्गदर्शक घ्यावा. ऑशविट्झमध्ये तर ठराविक वेळांत संग्रहालयाच्या मार्गदर्शकाशिवाय प्रवेशच मिळत नाही. गट कोणत्या भाषेचा आहे ते नोंदणी करतानाच पाहावे. मराठीत फेरी मिळत नाही, तेव्हा ज्येष्ठांपैकी कोणाला इंग्रजी ऐकून समजायला अवघड जात असेल तर आदल्या संध्याकाळी घरातल्या कोणी तरी त्यांना मुख्य गोष्टी मराठीत वाचून दाखवाव्यात. मला एकदा एका शहरात असा खासगी मार्गदर्शक मिळाला होता, जो प्रत्येक थांब्यावर अंगावर शहारे आणणारे प्रसंग रंगवून सांगत होता आणि 'हे कुठे नोंदलेले आहे?' असे विचारले की विषय बदलत होता. चांगला मार्गदर्शक आवाज चढवत नाही. तो तारीख सांगतो, नाव सांगतो, आणि जे निश्चित ठाऊक नाही ते तसे सांगतो.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला ऑशविट्झला न्यावे का? तो समंजस आहे आणि त्याने स्वतःच विचारले आहे.

उत्तर : नेऊ नये. चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये अशी शिफारस ते संग्रहालय स्वतःच करते, आणि माझ्या मते ती पाळावी. समंजस मुलाला तर जास्तच त्रास होतो, कारण तो पाहिलेले विसरत नाही. आई-बाबांपैकी एकाने क्राकोवमध्ये त्याच्याबरोबर थांबावे.

त्याच्या प्रश्नाला उत्तर मात्र मिळायला हवे, आणि ते त्याच्या वयाच्या माणसांकडून मिळू शकते. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर प्रागच्या उत्तरेकडील तेरेझिन घेट्टोतील मुलांनी काढलेली चित्रे आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई तिथे मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेत असत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवले गेले, आणि त्याआधी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. चित्रांत फुलपाखरे, फुले आणि घरे आहेत, तसे तिमजली पलंगही आहेत. चित्र कोणी काढले आणि त्या मुलाचे पुढे काय झाले हे शेजारी लिहिलेले असते. अकरा वर्षांच्या मुलाने ते वाचावे, पण आपण शेजारी असावे आणि त्याने विचारले तर खरे उत्तर द्यावे. बर्लिनमध्ये जाणार असाल आणि सोबत याहूनही लहान भावंड असेल, तर तेथील ज्यू संग्रहालयाचा आनोहा हा मुलांसाठीचा विभाग आहे. नोहाच्या तारवाची गोष्ट तिथे खेळता खेळता अनुभवता येते.

प्रश्न : बर्लिनचे ज्यू संग्रहालय गोंधळात टाकते, इमारतच फार आणि वस्तू कमी, असे एका परिचिताने सांगितले. एकच दिवस हाताशी असताना ते पाहावे, की ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळचे दगडांचे स्मारक पाहावे?

उत्तर : दोन्ही पाहावीत, सकाळी संग्रहालय आणि दुपारी स्मारक. आपल्या परिचितांना वाटलेला गोंधळ खरा आहे, आणि तो वास्तुरचनाकार डॅनियल लिबेस्किंड यांनी समजून-उमजून घडवलेला आहे. त्यांच्या नागमोडी, जस्ताच्या पत्र्याने मढवलेल्या इमारतीला रस्त्यावरून दारच नाही. शेजारच्या जुन्या बरोक शैलीतील इमारतीत शिरून, जिना उतरून, जमिनीखालून तिच्यात जावे लागते. खाली तीन वाटा एकमेकींना छेदतात. एक वाट हद्दपारीच्या बागेत जाते, जिथे ४९ काँक्रीटचे खांब उतरत्या जमिनीवर उभे आहेत आणि झाडे खांबांच्या माथ्यावर लावलेली आहेत, म्हणजे हात पोहोचत नाही अशा उंचीवर. दुसरी वाट एका उंच, थंड, जवळजवळ अंधाऱ्या काँक्रीटच्या मनोऱ्यात संपते. तिथे वरच्या एका फटीतून थोडा उजेड येतो आणि रस्त्यावरचे आवाज दुरून ऐकू येतात. तिसरी लांब जिन्याने वर, मुख्य प्रदर्शनाकडे जाते. ते प्रदर्शन २०२० साली नव्याने मांडले आहे आणि त्यात वस्तू भरपूर आहेत. आपले परिचित बहुधा खालच्या वाटांतच दमले असावेत. म्हणून आधी वर जावे आणि खालच्या वाटा शेवटी घ्याव्यात.

इमारतीत काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या आहेत. बर्लिनमधून नाहीशा झालेल्या माणसांची ती पोकळी आहे. त्यांपैकी एकीत मेनाशे कादिशमन यांची 'शालेखेत', म्हणजे गळून पडलेली पाने, ही मांडणी आहे. जाड लोखंडी पत्र्यातून कापलेले दहा हजारांहून अधिक चेहरे जमिनीवर पसरलेले आहेत. गोल डोळे, उघडे तोंड, बस्स. त्यांच्यावरून चालायला परवानगी आहे. पाऊल टाकले की लोखंडावर लोखंड घासून कर्कश आवाज होतो आणि तो उंच भिंतींवर आदळून परत येतो. सावकाश चालले तरी तो टळत नाही. पुष्कळ लोक कडेलाच उभे राहतात आणि आत पाऊल टाकत नाहीत. कोणी काय करावे ते ज्याने त्याने ठरवायचे आहे; गटातल्या इतरांना आग्रह करू नये.

दुपारचे स्मारक पीटर आयझेनमन यांनी रचलेले आहे आणि २००५ साली खुले झाले. २,७११ काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, वेगवेगळ्या उंचीचे, वरखाली होणाऱ्या जमिनीवर. त्यांच्यावर एकही अक्षर नाही. बहुतेक प्रवासी ठोकळ्यांमधून फिरून, छायाचित्रे काढून निघून जातात, आणि स्मारकाच्या खाली माहिती केंद्र आहे याचा त्यांना पत्ताच लागत नाही. ते चुकवू नये. एका खोलीत १५ ज्यू कुटुंबांची युद्धापूर्वीची आणि नंतरची हकीकत आहे. आणखी एका अंधाऱ्या खोलीत बळींची नावे आणि त्यांची थोडक्यात माहिती एकामागून एक वाचली जाते. सर्वांची अशी माहिती वाचायची झाली तर सहा वर्षे, सात महिने आणि सत्तावीस दिवस लागतील, असा हिशेब तिथे दिला आहे. बाकावर बसून निदान पाच नावे पूर्ण ऐकावीत.

प्रश्न : 'होलोकॉस्ट' म्हणावे की 'शोआ'? आणि 'पोलिश छावण्या' म्हटल्यावर आमच्या मार्गदर्शकबाई का चिडल्या?

उत्तर : नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारासाठी वापरला जाणारा होलोकॉस्ट हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'संपूर्ण जाळून दिलेला बळी' असा होतो. यज्ञातल्या आहुतीची ही छटा अनेक ज्यूंना खटकते, म्हणून ते 'शोआ', म्हणजे हिब्रूत महाविनाश, हा शब्द पसंत करतात. प्रवासी म्हणून आपण कोणताही वापरला तरी चालेल.

दुसऱ्या प्रश्नात मात्र मार्गदर्शकबाईंचे बरोबर होते. त्या छावण्या नाझी जर्मनीने आपल्या ताब्यातल्या पोलंडमध्ये उभारल्या आणि चालवल्या. पोलंडच्या विनंतीवरून युनेस्कोने २००७ साली ऑशविट्झचे जागतिक वारसा यादीतले नाव बदलले आणि त्यात 'जर्मन नाझी' हे शब्द घातले. छावण्यांना 'पोलिश' म्हटले की तिथल्या माणसांना ते फार लागते, कारण त्या देशाने स्वतःही अतोनात सोसले आहे.

प्रश्न : छायाचित्रे, पोशाख, डोके झाकणे यांविषयीचे संकेत काय आहेत? थडग्यांवर खडे का ठेवलेले असतात, आणि आम्हीही ठेवावेत का?

उत्तर : सिनेगॉगमध्ये आणि ज्यू दफनभूमीत पुरुषांनी डोके झाकावे. टोपी नसेल तर दारात पुष्कळदा कागदी किंवा कापडी टोपी मिळते. शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी आणि ज्यू सणांना प्रागचे ज्यू संग्रहालय पूर्ण बंद असते, म्हणून प्रागचा दिवस ठरवताना दिनदर्शिका पाहावी. बहुतेक ठिकाणी प्रवेशद्वाराशी विमानतळासारखी तपासणी होते. ज्यू संस्थांवर आजही हल्ले होतात, त्यामुळे तिला कटकट मानू नये आणि अर्धा तास आधी पोहोचावे.

छायाचित्रांबाबत ऑशविट्झचा नियम स्पष्ट आहे : बळींचे केस ठेवलेल्या दालनात आणि ११ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात छायाचित्र काढायचे नाही. इतरत्र परवानगी असली तरी स्वतःचा हसरा चेहरा पुढे करून छायाचित्र काढू नये. बर्लिनच्या ठोकळ्यांवर चढू नये, त्यांच्यावरून उड्या मारू नयेत. तरुण मुले ते खेळाच्या भरात करतात, तेव्हा गटातल्या मोठ्यांनी शांतपणे थांबवावे.

खडे ठेवण्याची चाल फार जुनी आहे. फुले सुकतात, दगड राहतो. इथे कोणीतरी येऊन गेले, एवढे त्या खड्यावरून कळते. आपण ज्यू नसलो तरी ठेवलेला खडा कोणाला खटकत नाही. तो थडग्याच्या आवारातून उचलू नये, वाटेवरचा घ्यावा.

याच संदर्भात रस्त्यातल्या छोट्या पितळी पट्ट्यांचा उल्लेख करतो. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेला हा उपक्रम आज अनेक देशांत पोहोचला आहे आणि २०२३ पर्यंत अशा एक लाख पट्ट्या बसवल्या गेल्या. दहा सेंटिमीटर लांब-रुंद अशी ही पट्टी बळीच्या शेवटच्या राहत्या घरासमोर पदपथात बसवतात. 'इथे राहत होते' अशी सुरुवात, मग नाव, जन्मसाल, कुठे नेले, कधी मारले. रहिवासी त्या घासून लख्ख ठेवतात. बर्लिनमध्ये हॉटेलपासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेतही त्या दिसतील. एक मिनिट थांबून वाचाव्यात. यासाठी फेरी लागत नाही आणि तिकीटही लागत नाही.

प्रश्न : वॉर्सामध्ये पोलिन पाहून झाल्यावर आमच्याकडे एक सकाळ उरते. मार्गदर्शक 'उम्शलागप्लात्स' सुचवत आहेत. आणखी काही आहे का?

उत्तर : त्यांची सूचना चांगली आहे. जुलै ते सप्टेंबर १९४२ या काळात घेट्टोतील अडीच लाखांहून अधिक माणसांना याच चौकातून मालगाड्यांत भरून त्रेब्लिंका या संहारछावणीत नेले गेले. आज तिथे पांढऱ्या भिंतींचे छोटे आवार आहे आणि भिंतीवर ४४८ नावे कोरलेली आहेत. ती फक्त पहिली नावे आहेत, आडनावे नाहीत, आणि प्रत्येक नाव अनेकांसाठी आहे. पोलिनपासून तिथे चालत जाता येते.

तिथून त्वोमात्स्किए रस्त्यावरील ज्यू इतिहास संस्थेत जावे. इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम यांनी घेट्टोमध्ये एक गुप्त गट जमवला होता आणि त्यात शिक्षक, लेखक, विद्यार्थी असे सगळे होते. रोजनिशी, शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, गोळ्यांची वेष्टने, नाट्यप्रयोगांच्या जाहिराती, हद्दपारीच्या नोटिसा, जे मिळेल ते ही माणसे साठवत राहिली, कारण आपला इतिहास आपल्याला मारणाऱ्यांनी लिहू नये असे त्यांना वाटत होते. शेवट जवळ आल्यावर त्यांनी हे सगळे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. पुरणाऱ्यांपैकी दावीद ग्राबेर हा १९ वर्षांचा होता. जगाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही जमिनीत पुरले, अशा अर्थाचे शब्द त्याने लिहून कागदांबरोबर ठेवले, आणि संस्थेतील प्रदर्शनाचे शीर्षक त्याच शब्दांवरून घेतले आहे.

पहिला साठा सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून निघाला, दुसरा डिसेंबर १९५० मध्ये. पहिल्या पेट्यांत पाणी शिरले होते आणि पाने एकेक करून सुटी करावी लागली. प्रदर्शनात दुधाचा कॅन ठेवलेला आहे. गंजलेला, साधा, कोणत्याही गवळ्याच्या दारात दिसेल तसा. दालन लहान आहे आणि गर्दी फारशी नसते, तेव्हा मार्गदर्शकाला तिथे सावकाश सांगायला सांगावे. तिसरा साठाही पुरला होता. त्याचा शोध अनेकदा घेतला गेला, पण तो अजून सापडलेला नाही.